कोकणात रिमोटच्या गाडीचा छंद सुरू करताना

आमच्याकडे रिमोटच्या गाडीचा छंद बहुधा भाद्रपदात सुरू होतो. चाकरमानी काका किंवा मामा गणपतीला गावी येताना मुंबईहून एक खोके घेऊन येतो, आरती आटोपल्यावर ते माजघरात उघडले जाते आणि पोरे उघडीप पडण्याची वाट पाहत पडवीत बसून राहतात. ती गाडी दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब, कारण आतल्या गिअरचा एक दात तुटला की तो बदलून देणारे कोणी नसते आणि गाडी माळ्यावर जाते. खेळण्यातली गाडी आणि छंदाची गाडी यांतील खरा फरक येथेच आहे. छंदाच्या गाडीचा प्रत्येक भाग, मग तो गिअर असो, चाकाचा दांडा असो की चाके वळवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो असो, स्वतंत्र क्रमांकाने विकत मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो. म्हणून पहिली गाडी घेताना ती ताशी किती किलोमीटर पळते हे विचारण्याआधी तिचे सुटे भाग भारतात कोण विकतो हे विचारावे, आणि विक्रेत्याला त्याचे उत्तर नीट देता आले नाही तर ती गाडी घेऊ नये.

गाडीचा आकार प्रमाणात सांगितला जातो. १:१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. त्याखेरीज १:८, १:१६, १:१८ आणि १:२४ ही प्रमाणे सर्रास दिसतात. अंगणात आणि खळ्यावर खेळण्यासाठी १:१८ पुरते, पण खडबडीत जमिनीवर तिची लहान चाके प्रत्येक खड्ड्यात अडकतात. त्यामुळे कोकणात राहणाऱ्या नवशिक्याने १:१० प्रमाणातील, जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असलेली बग्गी किंवा ट्रक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या बुटक्या टूरिंग गाड्या दिसायला देखण्या असतात खऱ्या, परंतु त्यांना लागणारे सपाट, मोकळे आणि रहदारी नसलेले डांबर आपल्याकडे शाळेच्या आवाराबाहेर फारसे सापडत नाही. गाडी तयार घ्यावी की सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडावी, हा पुढचा प्रश्न. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये १:१२ प्रमाणातील पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोट गाडी आणली, ती संचाच्याच रूपात, आणि आजही तिच्या बहुतेक गाड्या तशाच येतात. संच जोडण्यात दोन-तीन रविवार जातात, पण त्यानंतर गाडीत कोणता स्क्रू कोठे आहे हे विचारावे लागत नाही. धीर नसेल तर तयार गाडी घ्यावी, मात्र पहिल्याच आठवड्यात तिचे एक चाक तरी मुळापासून सोडवून पुन्हा बसवावे.

मोटरचे दोन प्रकार आहेत. ब्रश असलेली मोटर स्वस्त, सौम्य आणि समजायला सोपी असते. तिच्यातील कार्बनचे ब्रश झिजतात आणि कालांतराने ब्रश किंवा सगळी मोटरच बदलावी लागते. ब्रशलेस मोटरमध्ये झिजणारे ब्रश नसतात आणि ती कितीतरी जोरकस असते. तिच्यावर केव्हीचा आकडा लिहिलेला असतो, त्याचा अर्थ एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, असा होतो. ३५०० केव्हीच्या मोटरला ७.४ व्होल्ट दिले की भाराविना ती मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेते. नवशिक्याला याची गरज नाही. ब्रश असलेल्या मोटरवर सहा महिने काढावेत, तोवर हात बसतो आणि तुटणाऱ्या भागांचा खर्चही आवाक्यात राहतो.

बॅटरीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या छंदात घराला आग लावू शकणारी वस्तू हीच एक आहे. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो आणि सहा सेलची मिळून ७.२ व्होल्टची बॅटरी होते. ती जड असते, पण बरीच हयगय सहन करते. लिथियम पॉलिमर, म्हणजे सगळे जिला लायपो म्हणतात ती बॅटरी, हलकी आणि दमदार असते. तिचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि तो ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू लागतो. दोन सेलच्या बॅटरीला टू-एस म्हणतात. गाडीतील स्पीड कंट्रोलरला, म्हणजे मोटरला जाणारा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या भागाला, आपण कोणती बॅटरी लावली आहे हे सांगावे लागते. तो निकेलच्या पद्धतीवर राहिला आणि त्याला लायपो जोडली, तर तो वेळेवर प्रवाह तोडत नाही आणि बॅटरी एका संध्याकाळीत निकामी होते. चार्जर बॅलन्स करणाराच घ्यावा, म्हणजे जो प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरतो. भरण्याचा वेग एक सी ठेवावा: ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ५ अँपिअर, २२०० च्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासावी. लायपोला निकेलच्या पद्धतीने भरणे ही सर्वांत घातक चूक आहे आणि ती घाईतच होते.

बॅटरी कोठे भरावी, याचे उत्तर कोकणात घराच्या दारातच आहे. पडवीच्या बाहेर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी जांभ्याचा एक चिरा मांडावा आणि त्यावर बॅटरी ठेवून भरावी. चिरा जळत नाही आणि वर लाकडी छत नसेल तर धूरही मोकळा जातो. शेजारी बादलीभर कोरडी वाळू असावी. गवताची गंजी, पेंढा, झावळ्यांचा ढीग आणि दुचाकी यांपासून ती जागा दूर हवी. बॅटरी भरत असताना आपण जागे आणि जवळ असावे. रात्री भरायला लावून झोपण्याची सवय लावून घेऊ नये, आणि वीज गेली तर परत आल्यावर चार्जरवरील आकडे पुन्हा पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. बॅटरी फुगली, तिला भोक पडले किंवा अपघातात ती वाकली, तर तिचा मोह सोडावा. तिला मोकळ्यावर न्यावे, १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब जोडून पूर्ण रिकामी करावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. उकिरड्यावर, विहिरीत किंवा पालापाचोळ्याच्या आगीत ती टाकणे हा निव्वळ अविचार आहे. सारवलेल्या जमिनीच्या घरात आगीची भीती कमी, अशी एक समजूत ऐकू येते. कौलांखालचे वासे लाकडाचेच असतात.

आता जमिनीविषयी. हातात आलेली पहिली गाडी समुद्रावर नेण्याची हौस प्रत्येकाला असते, मलाही होती. तिसऱ्याच दिवशी मी गाडी रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर नेली. ओहोटी लागलेली होती, ओली वाळू खळ्यासारखी घट्ट होती आणि गाडी जी सुटली ती पाहून घरी जावेसे वाटेना. शेवटच्या फेरीत एक लाट चाकांखालून गेली. घरी आल्यावर मी गाडी फडक्याने पुसली, तासभर उन्हात ठेवली आणि डब्यात भरून टाकली. दहा दिवसांनी डबा उघडला तर पुढचे एक चाक फिरेना, बेअरिंगमधून तांबूस पाणी गळत होते, मोटरच्या पत्र्यावर गंजाचे डाग होते आणि बॅटरीच्या तारेच्या टोकावर हिरवट पूड जमली होती. चूक सर्वस्वी माझी होती. मिठाचा गुण असा की वाळलेला दिसला तरी तो दमट हवेतून पाणी ओढून घेत राहतो, त्यामुळे कोकणच्या हवेत खारा थर कधी खऱ्या अर्थाने सुकतच नाही आणि लोखंड आतून खात राहतो. खोक्यावर लिहिलेल्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की आतील इलेक्ट्रॉनिक भागांना पाण्याचे शिंतोडे चालतील. बेअरिंग आणि स्क्रू यांना तो शब्द लागू होत नाही.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक खोड आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या कित्येक पुळणींवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात. मॅग्नेटाइटला चुंबक ओढून घेतो आणि मोटरमध्ये चुंबकच असतात. परिणामी काळी वाळू हवेच्या छिद्रांतून आत शिरते आणि झटकून निघत नाही. एकदा ब्रशची मोटर उघडून पाहिली तर आतल्या चुंबकांवर काळी मिशी उगवावी तशी वाळू उभी होती; ती काढण्यासाठी चिकटपट्टी कापूसकाडीला गुंडाळून अर्धा तास टिपत बसावे लागले.

याखेरीज नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले कासवे वेळास, आंजर्ले आणि इतर कित्येक किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्ले समुद्राकडे जातात. अशा पुळणीवर त्या दिवसांत गाडी फिरवूच नये. इतर वेळी समुद्रावर जायचेच असेल तर भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या पांढऱ्या वाळूत जावे, मोटरवर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून बांधावा, तिचा ताप वरचेवर पाहावा, आणि घरी परतताच, चहा घेण्याच्याही आधी, गाडी उघडावी. बॅटरी, रिसीव्हर (रिमोटचे संकेत घेणारा भाग) आणि स्पीड कंट्रोलर बाजूला काढून खालचा सांगाडा गोड्या पाण्याने भरपूर धुवावा, पंख्याखाली वाळवावा, बेअरिंगना तेलाचा एकेक थेंब द्यावा. सांध्यांत अडकलेली वाळू काढायला माडाच्या झावळीचा हीर लागतो. बाजारातील कोणताही ब्रश इतका बारीक आणि इतका ताठ नसतो.

सरावासाठी समुद्रापेक्षा सडा उत्तम. जांभ्याचा कातळ सपाट असतो, मोकळा असतो आणि गाडी दूरवर दिसत राहते. त्याची धार टायर मात्र लवकर खाते, म्हणून टायरचा एक जादा संच ठेवावा. सड्यावर जाताना एक भान हवे. कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला असला, तरी अनेक सड्यांवरील चित्रांभोवती ना कुंपण आहे ना पाटी. कातळावर खोदलेल्या रेषा दिसल्या की गाडी उचलून शंभर पावले दूर न्यावी. भातकापणीनंतरचे मळेही मोहात पाडतात, पण कापलेल्या भाताची धसकटे दांड्याला गुंडाळतात आणि ज्या मळ्यात पुढे कुळीथ किंवा पावटा पेरायचा असतो तेथे मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. अगदी पहिल्या पंधरवड्यासाठी मळणी आटोपलेले खळे हीच सर्वांत चांगली जागा होय.

तेथे सहा करवंट्या दोन ओळींत पालथ्या मांडाव्यात आणि इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवावी. नवशिक्याची अडचण एकच असते: गाडी आपल्यापासून दूर जाताना उजवीकडे वळवली की उजवीकडे जाते, पण तीच आपल्याकडे येऊ लागली की डावे-उजवे उलटे होते आणि ती सरळ गडग्यावर आदळते. यावर उपाय असा की आपण गाडीत बसलो आहोत असे समजून चालवावे आणि सुरुवातीला गाडी जिकडे वळेल तिकडे स्वतःचे खांदेही वळवावेत. पाहणारे हसतात, हसू द्यावे. आठवड्याभरात खांदे थांबतात आणि बोटे आपोआप चालतात. ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, वेगाची मर्यादा ठेवण्याची सोय असेल तर ती निम्म्यावर ठेवावी. कारण असे की दोन किलोची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने आदळली, तर बसणारा तडाखा तेवढेच वजन सहा मीटर उंचीच्या माडावरून खाली यावे तेवढा असतो. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गुरे जवळ असतील तर गाडी थांबवावी. कुत्र्यांच्या मागे ती सोडण्यात मौज वाटते, पण कुत्रे एकदा का तिला तोंडात धरायला शिकले की बॉडीची वाट लागते.

रेडिओविषयी थोडेच सांगायचे आहे. हल्लीच्या छंदाच्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही आणि एकाच खळ्यावर चार गाड्या चालल्या तरी त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आधी ट्रान्समीटर चालू करावा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. हा क्रम उलटला तर गाडी कोणाचेही न ऐकता पळू शकते. चाके अधांतरी राहतील अशी गाडी एखाद्या डब्यावर ठेवून, किंचित वेग देऊन ट्रान्समीटर बंद करून पाहावा. मोटर थांबली तर फेल-सेफ, म्हणजे संकेत तुटताच गाडी थांबवण्याची सोय, ठीक आहे. गडग्यापलीकडे किंवा आगरातील दाट झाडीत गाडी नेऊ नये, कारण दगड आणि ओला पाला या लहरी अडवतात.

दुरुस्ती हा या छंदाचा निम्मा भाग आहे, आणि माझ्या मते अधिक चांगला निम्मा. त्यातील दोन गोष्टी नवशिक्याने हाताने करून पाहाव्यात. पहिली गोष्ट गिअरच्या दातांची. मोटरवरील लहान गिअर म्हणजे पिनियन आणि त्याला लागून फिरणारा मोठा गिअर म्हणजे स्पर. ते फार घट्ट बसले तर मोटर तापते, फार सैल बसले तर स्परचे दात सोलून निघतात. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोघांच्या मधून घालावी, मोटर स्परवर दाबून धरावी, तिचे स्क्रू आवळावेत आणि मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या सारख्या घड्या उमटलेल्या असाव्यात. ती फाटली तर बसणी घट्ट आहे आणि घड्या पुसट असतील तर सैल आहे. नंतर स्पर बोटाने धरून हलवला की केसभर खेळ जाणवला पाहिजे, आणि तो एकाच जागी न पाहता पूर्ण फेरा फिरवत चार-पाच ठिकाणी पाहावा, कारण स्वस्त स्पर किंचित लंबगोल निघतात.

दुसरी गोष्ट प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूची. तो परत बसवताना आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात उतरताना बोटांना हलकी टिचकी जाणवते, मगच तो सुलटा आवळावा. असे केले नाही तर स्क्रू दर वेळी नवा आटा पाडतो आणि पाच-सहा वेळांत भोक निकामी होते. याउलट धातूत जाणारा स्क्रू थरथरीने सुटतो, म्हणून त्याला निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, थेंब लावावा. तोच थेंब प्लास्टिकला लावला तर प्लास्टिक चिरते. आपल्या हवेत मूळचे काळे स्क्रू गंजतात. ते हळूहळू स्टेनलेस स्टीलचे करावेत, पण ॲल्युमिनियमच्या भागात ते जात असतील तर थ्रेडलॉक किंवा ग्रीस लावल्याशिवाय घालू नयेत. खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना असे धरून बसतात की पुढे स्क्रूचे डोके सोलते पण तो सुटत नाही. षटकोनी किल्ल्या चांगल्या घ्याव्यात. गाडीवर काटकसर चालेल, किल्ल्यांवर नाही.

मोटर किती तापली हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे तिच्यावर बोट ठेवणे. पाच सेकंद बोट टिकले नाही तर खेळ थांबवावा. उंच गवतात आणि मऊ वाळूत असे हमखास होते, कारण मोटरवरील भार वाढतो. तेव्हा पिनियन लहान करावा. ५४ दातांच्या स्परला २० दातांचा पिनियन असेल तर गुणोत्तर २.७ होते, पिनियन १६ दातांचा केला की ते जवळजवळ ३.४ वर जाते, गाडीचा सर्वाधिक वेग पाचव्या हिश्शाने उतरतो आणि मोटर थंड राहते. शॉक अब्सॉर्बरचे तेल, चाकांचे कोन वगैरे गोष्टींकडे पहिल्या वर्षी लक्ष देण्याचे कारण नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरी येण्याआधी, गाडी बांधून ठेवावी लागते. त्याआधी तिची सगळी बेअरिंग काढून पेट्रोलमध्ये धुवावीत, अर्थात चुलीपासून दूर आणि उघड्यावर, आणि तेल घालून परत बसवावीत. टायर दबून वाकडे होऊ नयेत म्हणून गाडी ठोकळ्यावर टेकवावी, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि डबा घट्ट लावावा. बॅटरी मात्र त्या डब्यात नको. चार्जरवरील स्टोरेज या पद्धतीने तिचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणावा. पूर्ण भरलेली लायपो चार महिने तशीच ठेवली तर ती फुगते आणि पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. ती मातीच्या मडक्यात तळाशी कोरडी वाळू घालून ठेवावी आणि वर झाकणी सैल ठेवावी, म्हणजे वायू साठणार नाही. दर महिन्याला एकदा व्होल्टेज पाहावे. भाद्रपदात चाकरमानी आल्यावर पोरांचा कितीही आग्रह झाला तरी आधी दोन्ही सेल मोजावेत, आणि त्यांच्यात ०.१ व्होल्टहून अधिक फरक दिसला तर त्या दिवशी ती बॅटरी गाडीत न घालता चार्जरवर सावकाश बॅलन्स करायला लावावी. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजल्यावर तोच फरक परत आलेला असेल, तर नवी बॅटरी मागवावी. लिथियमची पार्सले विमानाने सहजासहजी येत नाहीत, ती रस्त्यानेच येतात, तेव्हा विसर्जनाच्या आत ती हाती पडेल याची खात्री पोरांना देऊ नये.